बावीस पायऱ्यांच्या शेजारचे घर

मी, संघपाल बापूराव वालदे, वय ७३, निवृत्त आरेखक, राहणार नागभीड, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने व माझ्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आमच्या वाचनालय समितीचे अध्यक्ष डोमाजी शेंडे यांनी असा दाखला आजवर कुणाला दाखवलेला नाही.

१. पत्नी हयात नाही, मूलबाळ नाही. धाकटी बहीण अंजनाबाई, वय ६६, माझ्याजवळ राहते. लहानपणीच्या पोलिओमुळे ती तीनचाकीवर फिरते. माझी बँकेतली ठेव तिची. वाचनालयाच्या अकराशे पुस्तकांना तिने घरी बसून कव्हरे घातली. ती पुस्तके कपाटात लावलेली तिने कधी पाहिलेली नाहीत. का, ते पुढे येते.

२. माझा ड्रॉइंग बोर्ड व सामान चुलत पुतण्या आयुष याला देऊ नये. तो स्वतःला इंजिनिअर म्हणवतो. वाचनालयामागे संडासाजवळ त्याने रॅम्प बांधला, चार फुटांत एक फूट चढाचा. “काका, चाकं हायेत ना, चढतेच,” म्हणाला. अंजना त्यावरून एकदाच गेली आणि उलटी खाली आली. आता तिथे जनरेटर ठेवतात. आयुषला फक्त माझी मोजपट्टी द्यावी.

३. मी जन्मभर तलावांच्या पाळींचे, म्हणजे मातीच्या बांधांचे, नकाशे काढले. वाचनालयाचा माझा पहिला नकाशाही तसाच होता. तीन फुटांचा चौथरा आणि त्याला वळसा घालणारी मातीची पाळ, बैलगाडी सहज चढावी अशी. स्तूपाला प्रदक्षिणा घालावी तसे चालत किंवा चाकावर, सगळ्यांनी एकाच वाटेने दारात यावे. डोमाजी म्हणाले, “हे तं धानाच्या बांधावानी दिसून राह्यलं, वालदे. समाजाची इमारत हाय, भव्य पायजे.” मग बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांच्या बावीस पायऱ्या ठरल्या. तीन फुटांत बावीस पायऱ्या भरत नव्हत्या म्हणून वाचनालयच अकरा फूट उचलले. पायरीगणिक एक प्रतिज्ञा कोरली. उद्घाटनाच्या दिवशी या विद्वानांना दिसले की लोक प्रतिज्ञांवर चपला घालून चालताहेत, तेव्हा वर हिरवी सतरंजी अंथरली. ती अजून तशीच आहे. नवव्या पायरीवर समता आहे. अंजना पहिल्या पायरीशीच थांबते.

४. पायऱ्यांचा तो नकाशा मीच काढला. डोमाजींनी कोनशिलेवर माझे नाव कोरण्याचा शब्द दिला होता आणि मी भाळलो. अंजनाने विचारले होते, “अन मी कुठून येऊ, भाऊ?” मी म्हणालो, मागून काहीतरी करू. डोमाजी मूर्ख आहेत, मला तर सगळे कळत होते. या कागदावर सर्वांत जास्त थुंकावे असा माणूस मीच आहे.

५. वाचनालयाच्या पूर्वेला लागून असलेले माझे राहते घर माझ्या मृत्यूनंतर पाडून त्या जागेवर रॅम्प बांधावा. बारा फुटांत एक फूट चढ, तीन वळणे, प्रत्येक वळणावर विसाव्याची जागा. समितीने पूर्वेची खिडकी काढून दार करायला लेखी संमती दिली आहे. अट एकच, रॅम्पला डोमाजींचे नाव. ती मला मंजूर आहे. कोनशिलेवरचे माझे नाव छिन्नीने काढून त्याच दगडावर त्यांचे कोरावे.

हे कलम मी अंजनाला वाचून दाखवले. ती म्हणाली, “तू मरशीन तवा मी वर जाईन? मंग मी का रोज तुया मरनाची वाट पाहत बसू? मले नाई पायजे असा रॅम्प.”

सबब कलम ५ मधील “माझ्या मृत्यूनंतर” हे शब्द मी खोडत आहे. गेल्या सोमवारी घराची पूर्वेची भिंत पाडली. आम्ही दोघे समोरच्या भाड्याच्या खोलीत राहतो. बाबूभाई वेल्डर कठडे बनवत आहेत. ते साक्षीदार असल्यामुळे त्यांना काही ठेवलेले नाही, आणि यावर ते माझ्याशी भांडून झाले आहेत.

६. माझ्या शोकसभेत डोमाजींना बोलू देऊ नये. आणि रॅम्प पुरा होण्याआधी मी गेलो, तर त्या दिवशीही काम बंद ठेवू नये. अंजना सदुसष्टाव्या वर्षात आहे.

सही : संघपाल बापूराव वालदे

आम्हा दोघांसमक्ष सही केली :
१. बाबूभाई शेख, वेल्डर
२. रश्मी गेडाम, शिक्षिका, शेजारी

ठिकाण : नागभीड, अर्ध्या पाडलेल्या घराचे अंगण
दिनांक : १७ फेब्रुवारी २०२५