पन्नास डॉलरच्या नोटेवरचं कुंकू

बाबा, तुमची ती नोट खरी की खोटी, याचा एकदाचा निकाल लावायला मी काकांना घेऊन क्रॉयडनला जुन्या नोटांच्या दुकानात गेले होते. घेऊन कसली, तेच मागे लागले. काठी टेकत, वॉटफर्डपासून ट्रेनमध्ये आणि मग ट्रॅममध्ये कुरकुर करत आले, कारण निकाल त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकायचा होता. आणि मला तो त्यांच्या तोंडावर मारायचा होता. आई घरी फोन मांडीवर घेऊन बसली होती. निघताना एवढंच म्हणाली, "किंमत राहू दे गं. ह्यांना कुणी फसवलं नव्हतं ना, तेवढं विचारून ये."

मी लहान होते तेव्हाचं, ग्लासगोचं आपलं स्वयंपाकघर. खिडकीच्या काचा वाफेनं धुरकटल्यात, आई करंज्या तळतेय, आणि तुम्ही वॉर्डातून येऊन कोटाच्या आतल्या खिशातून ती नोट काढता. एका म्हाताऱ्या पेशंटनं घरी जाताना तुमच्या हातात कोंबलेली. त्याच्या पणजोबांनी जहाजावरून आणलेली. अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तेव्हा फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांनी छापलेली पन्नास डॉलरची नोट. तिच्यावर पैशांच्या पेटीपाशी बसलेली एक बाई. आईनं हात पुसले, निरखून पाहिलं आणि म्हणाली, "अगंबाई, ही तर त्यांची लक्ष्मी!" झालं. लक्ष्मीपूजनाला नोट चौरंगावर गेली आणि त्या बाईच्या कपाळाला हळदकुंकू लागलं. पुढे दर वर्षी लागत राहिलं. आणि दर वर्षी काका फराळाला बसले की सुरू, "काय दादा, आली का तुझी खेळण्यातली नोट? गुलाम बाळगणाऱ्यांचं हरलेलं सरकार, त्याची नोट, आणि तीही नकली! म्हातारा तुला चक्क उल्लू बनवून गेला." सगळे हसायचे. तुम्ही मुकाट्यानं चिवडा खात राहायचात. इतका राग यायचा ना मला तुमचा! एकदा तरी ताट सरकवून उठायला हवं होतं तुम्ही.

दुकानातल्या बाईंनी नोट दिव्याखाली धरली. "नकला बहुतेक जाड, करकरीत, मुद्दाम पिवळ्या केलेल्या कागदावर असतात," त्या म्हणाल्या. "आणि त्यांच्यावर सह्यासुद्धा छापलेल्याच असतात."

"बघ, ही पण पिवळी आहे!" काका मला मराठीत म्हणाले.

"ती हळद आहे, काका. गप्प बसा ना जरा."

बाई भिंग लावून सह्यांपाशी थांबल्या. फोन वाजला, आईचाच, मी तो कट केला. शेजारी काकांची काठी फरशीवर टकटक करत होती. मग बाईंनी नोट उलटी केली आणि मला जवळ बोलावलं. सह्यांची शाई कागदातून मागच्या बाजूला उतरली होती. कागद पातळ, कडा कात्रीनं कापल्यासारख्या वाकड्या. "सह्या पेनानं केलेल्या आहेत, नंबरही हातानं घातलाय. नोट अस्सल आहे."

मी काकांकडे वळले. इतक्या दिवाळ्यांचं सगळं ओठांवर आलं होतं, बाबा. पण ते खाली मान घालून बसलेले. तेवढ्यात बाईंनी विचारलं, "हा लाल डाग कसला? स्वच्छ असती तर चांगली किंमत आली असती. आता फारसं काही मिळणार नाही. डाग काढून देणारे असतात, पण सह्यांची शाई पुसट व्हायचा धोका आहे. बघायचं का करून?"

मी हो म्हणणारच होते. काय करू, वाटलं, किंमतही आली तर काकांचं तोंड कायमचं बंद.

"नो! डोन्ट टच इट!" काका केवढ्यांदा ओरडले. मग माझ्याकडे वळून, खालच्या आवाजात, "दादा गेल्यापासून वहिनींनी कुंकवाला बोट लावलंय का गं? त्यांच्या हातचं एवढंच उरलंय." त्यांचा आवाज फाटला. "दादा बरोबर होता. लाव फोन, सांग त्यांना."

मी फोन लावून आईला सांगितलं, नोट खरी आहे, बाबांना कुणी फसवलं नव्हतं.

परवा लक्ष्मीपूजन झालं. तुम्ही गेल्यावर आईनं कुंकू सोडलं, त्यावरून मी तिच्याशी किती भांडले! कुणी ठेवलाय हा नियम, आपण राहतो कुठे, सगळं बोलून झालं. ऐकली नाही ती नाहीच. त्यामुळे परवाही करंडा मीच उचलला. तर तिनं हात पुढे केला. "आण इकडे." बोट बुडवलं, नोटेवरच्या बाईच्या कपाळावर टेकवलं, चांगलं दाबून, आणि बोटाला उरलेलं स्वतःच्या कपाळाला लावलं. काका चिवड्याची वाटी हातात धरून तसेच बसून राहिले. मी आईला थांबवलं नाही.

हे पत्र नोटेबरोबर ठेवणार होते, पण ते पाकीट आई अधूनमधून उघडते. म्हणून माझ्याच कपाटात राहू दे. कुंकवानं नोटेची किंमत गेली, हे तिला मी सांगितलेलं नाही.