मारहाण नाही, मार

सोमवार, ४ मार्च
चौसष्ट फॉर्म! दवाखान्याच्या पाहणीला शेजारच्या दोन वस्त्यांत नेमलेले बाकीचे दोघे अजून तीस-तीस फॉर्मांवरच घुटमळताहेत. बत्तीस वर्षं या वस्तीत विजेचे मीटर वाचले, ते आता कामी येतंय. 'अरे, मीटरवाले काका, या!' — आणि मी विचारतो, लहानपणी उपाशी झोपलात का, घरात दारू होती का, मारहाण झाली का. महिनाअखेर तिघांचे मिळून दीडशे पूर्ण फॉर्म गेले, तर आपल्या दवाखान्याला मुलांच्या मनाचा डॉक्टर मिळणार. मिळालाच पाहिजे.

बुधवार, ६ मार्च
दवाखान्याच्या डॉक्टरबाईंनी माझा गठ्ठा चाळला. 'काका, चौसष्टातले एकसष्ट म्हणतात मारहाण झालीच नाही? फारच सुखी वस्ती हो तुमची!' झोंबलं. जेवतानाही तेच डोक्यात. ही म्हणाली, 'फॉर्म नंतर खा, आधी ताटातलं संपवा.'

शनिवार, ९ मार्च
सापडलं!! शिंपीणबाईंकडे. मारहाण? 'छे हो, आमचं चांगलं घर होतं.' मी निघालो, तर वाकडं मनगट दाखवून हसत म्हणाल्या, 'हा आप्पांचा मार. लोखंडी पट्टीचा.' मी दारातच थबकलो. मग मघाशी 'नाही' असं का सांगितलंत?
'अहो काका, मारहाण पोलिसात जाते. घरात मार बसतो!'
एवढंच! एका शब्दापायी एकसष्ट माणसं गप्प बसली होती.

बुधवार, १३ मार्च
प्रश्न बदलला! 'घरात मार बसायचा का? कोणाचा? कशाने?' तिन्ही वस्त्यांत आता हाच. डॉक्टरबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, 'हा काकांचा प्रश्न.' माझा! घरी येईपर्यंत छाती फुगलेली. ही विचारते, सदरा आटला का?

गुरुवार, २१ मार्च
चौसष्ट घरं पुन्हा फिरलो. पायांचे तुकडे पडले. पण लोक बोलताहेत! न्हाव्याने दुकान बंद करून सगळं सांगितलं. हेडमास्तर, सत्तरी उलटलेले, रडले. 'कधी कोणी विचारलंच नाही,' म्हणाले. तीन 'हो' होते, आता एक्कावन्न. मी मध्ये एक शब्द बोलत नाही. ऐकायलाही अक्कल लागते, आणि ती मला आहे. इथे लिहायला काय हरकत!

मंगळवार, २६ मार्च
तिघांचे मिळून एकशे एकोणपन्नास. आपलंच घर कसं राहिलं? उद्या मुलाला बसवतो. दीडशेवा घरचा!

बुधवार, २७ मार्च
मुलगा समोर बसला. तेहतीस वर्षांचा झाला. पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं भराभर दिली. मग मी माझा प्रश्न वाचला. तो माझ्या हातांकडे बघत राहिला. हळूच म्हणाला, 'बाबा, हे डॉक्टरबाईंना विचारू द्या.' ही ओट्यापाशी पाठमोरी होती. वळली नाही.
शरमेने मला मान वर करता येईना. बाईंना फोन केला. म्हटलं, एक फॉर्म राहिलाय, तुम्ही या. मी घरी नसेन.