सात, हात आणि काशीबाई

३ फेब्रुवारी, सोमवार

नोकरी लागली! बोलींचं सर्वेक्षण, बोईसरचं ऑफिस. सध्या तात्पुरती. साहेब म्हणजे भाग्येश सर, पुण्याचे. आल्या आल्या व्याख्यान — पूर्वी लोक सत्त, हत्थ, कम्म म्हणायचे. मराठीनं जोडीतलं एक व्यंजन टाकलं आणि आधीचा स्वर लांबवला. सात, हात, काम. मोठा शोध! सरावलीच्या नाक्यावरचा पंजाबी ट्रकवाला अजून सत्तच म्हणतो, त्याला कोणी पीएचडी दिली नाही.

फॉर्मवर गाव सफाळे लिहिलं. खरं, कोळ्यांचं दांडी लिहिलं असतं तर सरांनी आधी माझंच तोंड तपासलं असतं. आईला फोनवर सांगितलं, कायम होईपर्यंत गावात बोलू नकोस.

६ फेब्रुवारी

नवा नियम — ज्याचं बोलणं रेकॉर्ड करायचं तो कर्मचाऱ्याचा नातेवाईक नको. निघाला तर कर्मचारी घरी. असले नियम करायला यांना पगार मिळतो!

१० फेब्रुवारी

सर दांडीलाच घेऊन गेले. बोंबील वाळत घातलेले, सरांच्या नाकाला रुमाल. प्रत्येक बाईला स्वतःचा हात दाखवून विचारायचं, हे काय? एकीनं विचारलं, दुखतो का? दुसरी वैतागून 'सग्गळं' म्हणाली, तर त्या दोन ग-मध्ये सरांना दोन हजार वर्षं ऐकू आली. गाढव! चिडल्यावर कोणीही तसंच म्हणतं.

मग सरांनी स्वतः एक म्हातारी निवडली. शेवटच्या टोपलीपाशी बसलेली.

माझी आई.

मी फॉर्म काढला, नाव विचारलं. काशीबाई, म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बसा ना, सायेब."

सगळी उत्तरं खालमानेनं, पदराला बोटं पुसत. मला तिचीच लाज वाटली. खोटं कशाला लिहू.

११ फेब्रुवारी

सर खूश. कायम करतो म्हणाले! शनिवारी घरी जाऊन ये, असंही म्हणाले. माझ्या घराशी याला काय करायचंय?

१३ फेब्रुवारी

कालपासून रेकॉर्डिंग उतरवतोय. त्या दिवशी दांडीला मी मध्येच फोन घ्यायला बाजूला गेलो होतो, मशीन चालूच राहिलं. सर विचारतायत, हा मुलगा तुमचा कोण? तोंडावळा तुमच्यासारखा वाटतो.

टोपली सरकवल्याचा आवाज. मग आई.

"नाय. मी त्याला वळखत नाय. पण त्याला कायम करा."