चौदा पॉइंट चार

बुधवार, ११ मार्च

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. तुम्ही तिघं बरी असाल. छोटीचा खोकला गेला का? इकडे मी ठीक, गुडघा नेहमीसारखाच कुरकुरतो. बाबा जेवतात, झोपतात, खिडकीशी बसतात. कशाबद्दल तक्रार नाही. त्यांनी तक्रार करणं सोडलंय, हीच माझी तक्रार. पण ते असो.

पत्र बघून हसशील. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, आणि मला जे सांगायचंय ते मध्येच तोडलेलं चालणार नाही.

रविवारी बाबांचं घर आवरायला गेले होते. घर विकत घेणाऱ्या बाईंचा आदल्या दिवशी फोन आला होता. त्यांना छतावरचं सोलर चालू असलेलं बघायचंय. "तुमचे भाऊ म्हणाले, म्हाताऱ्यानं जरा बिघडवून ठेवलंय, होईल दुरुस्त." म्हाताऱ्यानं. उभा जन्म वायरमन म्हणून काढलेल्या माणसानं. गावाबाहेरच्या त्या घरापर्यंत विजेची लाईन कधी आली नाही, म्हणून स्वतः पॅनल बसवून ज्यानं उजेड केला, त्यानं.

मी बाबांचाच मीटर घेतला. लहानपणी त्यांच्या शिडीखाली टॉर्च धरून आपणच उभे असायचो की. मी धरायचे, तू पेंगायचास. तरी थोडंफार तुझ्याही कानावर पडलं असणार.

ऊन कडक होतं. पॅनलची वायर सोडवून मोजली, वीस व्होल्ट. म्हणजे पॅनल ठणठणीत. परत जोडून बॅटरीवर मोजलं, तेरा पॉइंट दोन. भांडी पोत्यात भरली, परत येऊन मोजलं, तरी तेरा पॉइंट दोनच, वर चढेना. पॅनल आणि बॅटरीच्या मधल्या चार्जरच्या तोंडाशीही तेवढंच, म्हणजे वाटेत वायर काही खात नव्हती. बॅटरीत पाणी पुरेसं, टोकं घासून चकचकीत. हे सगळं बाबांनी केलंच होतं रे. पॅनल धुतले, वायर बदलली, शेवटी बॅटरीसुद्धा नवी आणली. तरी दिवे लावले की जेवण उरकायच्या आत अंधार.

एकच गोष्ट त्यांनी तपासली नव्हती. चार्जरचं सेटिंग. का तपासतील? ते त्यांनी स्वतःच्या हातानं लावलेलं होतं, आणि तोवर त्यांचा स्वतःच्या हातावर विश्वास होता.

मी बटण दाबून धरलं. चौदा पॉइंट चार हवं, तिथे तेरा पॉइंट दोन लुकलुकत होतं. चौदा पॉइंट चार हा आकडा आपल्याला पाढ्यांच्या आधी पाठ झाला होता. पाणी घालायच्या बॅटरीला तिथवर चढू दिलं नाही तर तिचं पोट कधी भरत नाही, आणि रोज अर्धपोटी राहून ती आतून खलास होते. बाबा हे सांगायचे तेव्हा तू हसायचास, "आमच्यापेक्षा बॅटरीच्या जेवणाची काळजी जास्त."

मी सेटिंग वर नेलं. दुपार कलायच्या आत बॅटरी बुडबुडायला लागली, म्हणजे पोट भरत आलं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! नेमका तेव्हाच तुझ्या बायकोचा फोन आला, कपाटांचं विचारायला. मी म्हटलं, "कपाटं राहू देत, आधी ऐक, बॅटरी बोलायला लागली!"

"अगंबाई, परत ते बुडबुड?" ती म्हणाली. "ताई, आम्ही सुट्टीत आलो होतो ना, तेव्हा त्या आवाजानं आणि वासानं छोटीला दुपारची झोपच लागेना. ह्यांनी चार्जरची काहीतरी बटणं दाबून दोन मिनिटांत गप्प केलं होतं त्या बॅटरीला. ह्यांना सगळं येतं हो!"

बिचारी तुझं कौतुक करत होती.

विसरला असशील. माणूस विसरतो, तेही मी मनाला सांगून पाहिलं. पण तुम्ही गेल्यावर बाबांनी तुला फोन केला, तेव्हा मी शेजारीच होते. "दिवे टिकत नाहीत रे, तू कशाला हात लावला होतास का?" असं त्यांनी सरळ विचारलं होतं. आणि तू म्हणालास, "मी कशाला लावू? तुम्हीच लावला असेल बाबा. आठवत नाही तुम्हाला आता." पुढे प्रत्येक फोनवर तेच. मग आज वीज बिघडवली, उद्या गॅस उघडा ठेवाल, असं म्हणत त्यांना घरातून हलवलंस.

परवा माझ्याकडची ट्यूब फडफडायला लागली. बाबांनी शेजारणीला विचारलं, "ओळखीचा कोणी वायरमन आहे का हो?" ती हसली, "अहो आजोबा, तुम्ही आहात की!" तर म्हणाले, "मी हात लावला की बिघडतं."

रविवारी घरी परतल्यावर मी त्यांना सांगितलं की सेटिंग खाली गेलं होतं. कोणी केलं ते सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तेच बोलले. स्वतःच्या बोटांकडे बघत. "मीच केलं असणार. बघ, अजिबात आठवत नाही. धाकटा बरोबर म्हणत होता. मी उगाच त्याच्यावर संशय घेतला. माफ कर म्हणावं त्याला."

तर हा त्यांचा निरोप. पोचवला.

तुझं नाव मी घेतलं नाही. त्यांचं डोकं त्यांना परत द्यायचं, तर त्याच हातानं मुलगा काढून घ्यायचा. माझ्याच्यानं झालं नाही. ते काम तुझं आहे. ये, आणि त्यांच्यासमोर बसून सांग. फोनवर नाही, बायकोला पुढे करून नाही.

घर घेणाऱ्यांना मी नाही म्हणून कळवलंय. विक्रीच्या कागदावर माझी सही मिळणार नाही. घर ठेवायचं की विकायचं ते बाबा ठरवतील, पण आधी त्यांना कळू दे की त्यांचं डोकं जागेवर आहे.

घाबरू नकोस. ते तुला तिथल्या तिथे माफ करतील, वर "जेवून जा" म्हणतील. हे तुला माहीत आहे, म्हणूनच तू इतका निर्धास्त राहिलास. माझ्याकडून मात्र तशी अपेक्षा ठेवू नकोस.

तुझी, कारण ते काही बदलता येत नाही,
ताई