वाळवंटातल्या होडीवरची उलटी बटणं

न्युरेम्बर्ग, मे २०१४

प्रिय सौ. सुनेत्रास,

मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा कसा आहे?

काल हृषिकेशच्या साहेबांकडे जेवलो. वाळवंटातली एक नदी ओलांडणाऱ्या होड्यांचे, तिथल्या सहलींचे जुने फोटो ते जमवतात. चिरंजीवांची नोकरी कायम व्हायची आहे, म्हणून बजावलं होतं, "बाबा, नुसतं छान म्हणा."

म्हटलं. पण एका फोटोत होडीतल्या झाडून सगळ्या पुरुषांच्या शर्टाची उजवी पट्टी वर, बायकांसारखी. न्हाणीघरात स्वतः फोटो धुवायला शिकलेला माणूस गप्प कसा बसेल? म्हणालो, "हा उलटा छापलाय." हृषिकेशचं भाषांतर फारच आटोपशीर वाटलं, म्हणून उठून साहेबांच्याच शर्टाची बटणं धरून दाखवली.

साहेब "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणाले. उरलेले फोटो तपासायला आता दर रविवारी बोलावलंय.

नोकरीचं अजून कळलं नाही. हृषिकेश माझ्याशी बोलत नाही, पण रविवारी बोलेल. दुभाष्या तोच आहे.

तुझा,
उल्हास