जलतरण रिले संघातून नाव वगळण्याबाबत

प्रति,
सहायक संचालक (कर्मचारी कल्याण व क्रीडा),
केंद्रीय भांडार लेखा कार्यालय,
गिंडी, चेन्नई.

विषय : रिले संघातून नाव वगळणे व एक विनंती.
संदर्भ : 'सर्वांसाठी खेळ' मोहीम, सूचनाफलकावरील संघनिवड.

महोदय,

आपण मराठी जाणता, म्हणून अर्जदार श्रीरंजनी गिरिधर, वरिष्ठ लेखापाल, राहणार वेलचेरी (तळमजला), घरच्या तंजावरी वळणाच्या मराठीत हा अर्ज सादर करीत आहे. भाषेतील चुका पोटात घालाव्यात.

१. प्रत्येक कर्मचाऱ्याने एका तरी खेळात भाग घ्यावा, असा आदेश आला तेव्हा अर्जदाराने कॅरम मागितला. तो भरला होता. चालण्याचा गटही भरला होता. उरले पोहणे.

२. दोन हजार पंधराच्या पुरात अर्जदार स्वतःच्या स्वयंपाकघरात बुडत होती. शेजारच्या अलमेलू अम्मांनी वेणीला धरून तिला जिन्यावर ओढले. तेव्हापासून ती केस धुते तेव्हा यजमानांना दाराबाहेर उभे राहून बोलत राहावे लागते. हे कार्यालयात कोणाला ठाऊक नव्हते.

३. मोहिमेच्या उद्घाटनाच्या दिवशी ती जलतरण तलावाच्या काठावर बसून राहिली. छायाचित्रात माणसे कमी पडत होती. "मॅडम, कमरेएवढंच पाणी आहे, काही होत नाही," असे म्हणत क्रीडा समन्वयक श्री. क्षितिज यांनी मागून हलकेच ढकलले. पाणी छातीएवढे होते. परंतु पाय टेकता येतात हेच तिला सुचले नाही. काठावर टाळ्या चालू होत्या. तिने हात वर केले ते मदतीसाठी. तेच छायाचित्र 'उत्साही सहभाग' म्हणून फलकावर लागले, आणि त्या उत्साहामुळे तिची विभागीय रिलेसाठी निवड झाली.

४. तोंडी नकार दिला असता, "भीती घालवायलाच तर मोहीम आहे," असे उत्तर मिळाले. आता ती फलक टाळून मागच्या जिन्याने ये-जा करते. शर्यत तोंडावर आली आहे. बादली भरण्याचा आवाज आला तरी ती नळ बंद करायला धावते.

५. तरी तिचे नाव वगळावे व छायाचित्र उतरवावे.

६. विनंती वेगळी आहे. त्या दिवशी तिला बाहेर काढणाऱ्या प्रशिक्षिका विद्यालक्ष्मी एवढेच म्हणाल्या, "उद्या नुसते पाय भिजवायला या." अर्जदार गेली. घोट्यापर्यंत उतरली. वेलचेरीत यंदाही पाणी शिरेल, म्हणून तिला शिकायचे आहे. जेवणाच्या सुट्टीत, तलाव रिकामा असताना, तेथे जाण्याची परवानगी मिळावी; आणि शिकताना भिण्याची मुभा असावी.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
श्रीरंजनी गिरिधर
१८ सप्टेंबर २०२५

सोबत : प्रशिक्षिकेची लेखी संमती.