दारावरचा लाल टॉवेल

चि. बबडीस अनेक आशीर्वाद. तू दुसऱ्या शहरी राहावयास जावे की न जावे, याविषयी तुझ्या पित्याचे मत प्रस्तुत चिठ्ठीत यथाशक्ती मांडण्यात येत आहे.

तुझी मीटिंग असली की तुझ्या खोलीच्या दारावर लाल टॉवेल असतो व मी मिक्सरसुद्धा लावीत नाही. परंतु काल दिवसभर टॉवेल दारावर आणि लॅपटॉप स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. मीटिंग नव्हतीच, मी काय ते समजलो. नंतर मैत्रिणीला फोनवर, "काम कुठूनही करता येईल गं, पण बाबांना कुठे ठेवू?" असे म्हणालीस, तेही कानी आले. मी सुतार आहे, कपाट नव्हे.

तिथली खोली भाड्याने घेणार की नाही, ते आज कळवायचे आहे ना? निर्णयात माझा विचार नसावा. स्वयंपाक मला येतो. जिना उतरताना तुझा हात धरण्याची सवय जडली आहे, ती मोडीन.

दूध तापवले आहे. मी कामावर जात आहे. टॉवेल पाहून आजवर मी माघारी फिरलो. आज संध्याकाळी टॉवेल असला तरी दार वाजवीन. ठरेल ते समोर बसून सांग.

इथवर वाचलेस, आभारी आहे.

आपला नम्र,
तुझा बाबा